दहावं बोट

बुध., ७ सप्टेंबर ८८

चढला! मीटरचा काटा चढला आणि जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. तार क्र. १७. आधीच्या सोळा तारांना नमस्कार. ग्लुकोजच्या पाण्याचा एक थेंब, अर्धं मिनिट, काटा १०० वर. दुप्पट दाट पाणी केलं, काटा २०० च्या किंचित खाली. परत पहिलं पाणी, परत १००. साळवी (आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, मीटर त्यानेच जुळवलंय) म्हणाला, "मॅडम, आता कशाला हात लावू नका. श्वास पण हळू घ्या." मी श्वास घेतच नव्हते.

आहे काय त्यात? फुटक्या कंडक्टिव्हिटी सेलमधून (पाण्यातले क्षार मोजायची काचेची नळी) काढलेली प्लॅटिनमची तार, केसाहून जरा जाड. तिच्या टोकावर अंड्याचा आतला पापुद्रा, पापुद्र्यात एन्झाइम चिकटवलेलं. शेजारी सोनाराकडून आणलेली चांदीची तार. एवढ्यासाठी पाच महिने.

लेले साहेबांना (आमचे मालक, यापुढे ले. सा., वही कुणाच्या हाती लागली तर!) बोलावून दाखवलं. चष्मा कपाळावर नेऊन काट्याकडे बघत राहिले. "पाण्यातली साखर मोजलीत, उत्तम. आता रक्तातली मोजा, कर्णिकबाई. दिवाळीपर्यंत हे टेबल तुमचं. नंतर तिथे पीएच मीटरची जुळणी बसवायची आहे."

म्हणजे दोन महिने. वागळे इस्टेटमधल्या बारा माणसांच्या कारखान्यात मालक एवढं करू देतो हेच पुष्कळ. पण दोनच महिने!


गुरु., ८ सप्टें.

उद्या शुक्रवार. इस्टेटची सुट्टी, वीज बंद. फ्रिज बंद पडला की एन्झाइमचं मढं. म्हणून दर गुरुवारी बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये घालून डोंबिवलीला घरी, शनिवारी परत. शेजारच्या बायकांना वाटतं मी आइस्क्रीम नेते.

आईने फ्रिजमध्ये जागा केली, पण "लोण्याला लावू नकोस हां ते" हे दर गुरुवारचं. आज मात्र विचारलंन, "नलू, करतं काय गं ते?"

"साखर खातं. खाल्ल्यावर जे उरतं त्याने तारेत करंट येतो. साखर जितकी जास्त तितका काटा वर."

"म्हणजे रक्त देऊन दुसऱ्या दिवसापर्यंत बसायला नको?"

"एक थेंब. अर्धं मिनिट."

आईने लोण्याचं भांडं बाजूला सरकवलं. नानांच्या, माझ्या वडिलांच्या, मधुमेहात रिपोर्ट हातात यायचा तोवर साखर कुठच्या कुठे गेलेली असायची. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग नाना. मी हे सगळं नानांसाठी करतेय हे कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ले. सा. म्हणतील, भावना आली की दशांश चिन्ह हलतं.

झोपताना आई : "ब्लाउज किती सैल झालेत तुझे. डबा खातेस की वाटतेस?" खाते गं बाई. उलट सारखी भूकच लागते.


रवि., ११ सप्टें.

रक्त! माणसाचं! पहिलं बोट साळवीचं. सुई टोचण्याआधी डोळे मिटून घेतलेन, एवढा उंच माणूस. ९४. मग पॅकिंगचे कदम, १०१. कदमांनी दोन केळी खाल्ली, पाऊण तासाने परत टोचलं, १३८. काट्याला केळी कळली! मी टाळ्या वाजवल्या तर कदम म्हणाले, "मॅडम, बोट माझं दुखतंय, टाळ्या तुम्ही वाजवताय."

साळवी : "आता तुमचं, मॅडम."

"मीटर चालवणाऱ्याचा हात कोरडा लागतो." हे मला आयत्या वेळी सुचलं. चांगलं सुचलं.

उकाडा भयंकर. पाण्याची बाटली दुपारपर्यंत दोनदा भरली.


बुध., १४ सप्टें.

आज खरा पेशंट मिळाला, तोही चालत आला. हीराबाई! आमच्या गेटवर दुपारी मासळीची पाटी घेऊन बसते ती, कोलशेतची. पाच वर्षं तिच्याकडून घेतेय, आम्ही सीकेपी म्हटल्यावर ती मला कधी शिळं देत नाही आणि मी कधी भावावरून फार ताणत नाही. तिला चार वर्षं साखर आहे हे मात्र मला ठाऊकच नव्हतं! साळवीने तिला मशीनचं सांगितलं. चार वाजता पाटी रिकामी करून थेट वर आली.

"काय गो बाय, मोठे दवाखान्यान जातंय तं आक्का दिस जातं, धंदा बुरतं. तुज्याकरं एका थेंबान कलतं म्हनं?"

ले. सा. आधी नको म्हणाले. मग तिच्याशी बोलले आणि पघळले. नौपाड्यात त्यांच्या ओळखीचे लॅबवाले डॉक्टर आहेत, ते त्याच दिवशी तिच्या दंडातून रक्त घेऊन त्यांच्या पद्धतीने मोजणार. आपला आकडा एकीकडे, त्यांचा दुसरीकडे. आणि मला बजावून : "आकडा वहीत. तोंडात नाही. डॉक्टर ते आहेत, तुम्ही नव्हे."

बरं बाबा. वहीत : १८२.


गुरु., १५ सप्टें.

लॅबचा आकडा १७६!!! सहाचा फरक! सहा!! मी साळवीच्या पाठीत गुद्दा घातला. ले. सा. नुसते "हं" म्हणाले, पण त्यांचं ते "हं" वरच्या पट्टीतलं होतं.

थर्मास एका हातात आणि सुरमई दुसऱ्या हातात अशी घरी आले. आईने कालवण केलं. तीन वेळा भात घेतला.


बुध., २१ सप्टें.

हीराबाई १५९. (गुरुवारी लिहितेय : लॅब १६३.)

तार आता आणखी बारीक केली, क्र. २१. थेंब आधीच्या निम्मा पुरतो. एक दिवस असा येईल की डासाने घेतलं तेवढं रक्त पुरेल आणि माणसाला टोचल्याचं कळणारसुद्धा नाही. हे साळवीला म्हटलं तर तो म्हणे, मग डासच पाळू या.


बुध., २८ सप्टें.

हीराबाई १६८. (गुरु. : लॅब १७१. तिसऱ्यांदा! डॉक्टरांनी निरोप पाठवला, तीन वेळा जुळलं, आता पुरे, दर आठवड्याला माणूस अडकवता येत नाही. म्हणजे त्यांचा विश्वास बसला. मी असाच अर्थ घेतला.)

गंमत : हीराबाई आज पाटी घेऊनच वर आली, खाली कुत्री फार. ले. सा. पक्के शाकाहारी, पुण्याचे. कारखान्यात अंडं आणायचं नाही म्हणून पापुद्रे मी घरून सोलून आणते. (आई : "अंडी सोलायला एमेस्सी केलंस?") ते केबिनमधून आले, नाकाला रुमाल न लावण्याचा खूप प्रयत्न केला, मग गणपतीपुढच्या तीन उदबत्त्या उचलून सगळ्या खोलीत फिरवल्या. "खिडकी उघडा जरा, कर्णिकबाई." साळवीने माझ्याकडे बघितलं आणि मला हसू आवरेना. हीराबाई पण हसली. "सायेब, आमचा देव तं यातच ऱ्हातो."


बुध., ५ ऑक्टोबर

आज काटा २९१ वर गेला.

आधी वाटलं तार बिघडली. ग्लुकोजचं पाणी लावलं, बरोबर १००. साळवीचं बोट, ९७. हीराबाईचं परत, २८८. हात स्वच्छ, पाटी बाहेर ठेवून आलेली, स्पिरिटचा बोळा मी स्वतः फिरवला. म्हणजे साखर खरोखर वाढलीय, आणि दवाखान्यात तिचा नंबर पुढच्या महिन्यात आहे!

हे तर मशीन कशासाठी हवं याचं उदाहरणच झालं. मला राहवेना. खाली गेटपर्यंत तिच्याबरोबर गेले आणि सांगितलं. हीराबाई, साखर खूप चढलीय, दुपटीच्या जवळ, जप.

"बरा झाला गो सांगितलास."

ले. सां.ना हे सांगितलेलं नाही. पण माझ्या जागी नानांची मुलगी नसती, कुणीही असती, तरी तिने सांगितलंच असतं.


बुध., १२ ऑक्टो.

३०४. ती म्हणते दोन गोळ्या घेते आता, आणि भात बंद केलाय. भात बंद! कोलशेतची कोळीण आणि भात बंद! तरी काटा खाली येत नाही. मी म्हटलं पाळत राहा, उतरेल.

आतून मात्र उड्या मारतेय. लॅबच्या मदतीशिवाय आपण एकट्याने काहीतरी पकडलं. आज रिक्षाने न जाता स्टेशनपर्यंत चालत गेले, पाय जमिनीला लागत नव्हते.


रवि., १६ ऑक्टो.

हीराबाई पडली.

साळवीला गेटवर तिच्या सुनेने सांगितलं. काल सकाळी खाडीवर, होडी लागते तिथे. घाम, थरथर, मग डोळे फिरवले. कुणीतरी शहाण्या बाईने गुळाचं पाणी पाजलं म्हणून वाचली. दवाखान्यात मोजली तर साखर ५२.

५२. माझ्याकडे ३०४.

डॉक्टरने विचारलं, गोळ्या दोन घ्यायला कुणी सांगितलं? म्हणाली, आमच्या मशीनवाल्या बायनं.

मी दोन गोळ्या घे म्हटलं नव्हतं. हे वाक्य दिवसभर मनात घोळवलं. त्याचा काही उपयोग नाही. तिने सांगितलं तेव्हा मी "पाळत राहा" म्हटलं होतं.


सोम., १७ ऑक्टो.

ले. सां.ना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही आकडा तोंडाने सांगितलात," एवढंच. थोड्या वेळाने केबिनच्या दारात येऊन : "शनिवारी टेबल मोकळं करा."

दिवाळीपर्यंतही नाही.

साळवीने मीटर तीन वेळा उघडून पाहिलं. मीटर ठीक. तार ठीक. ग्लुकोजचं पाणी १००. मग हीराबाईच्या बोटावरच खोटं का बोलते? तीन वेळा खरं बोलली आणि मग दोन वेळा खोटं? आजारी माणसावर खोटं बोलणारी तार नसलेली बरी. मला नानांची आठवण येतेय आणि त्यांच्यासमोर बसायला नको वाटतंय.


मंगळ., १८ ऑक्टो.

रजा टाकून कोलशेतला गेले. काय तोंड दाखवायचं हा विचार रिक्षात. वाटेत पाण्यासाठी दोनदा थांबले.

हीराबाई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती! मला बघून उठायला लागली. मला रडूच आलं, अगदी शाळेतल्या पोरीसारखं.

"बस गो. ररतेस कनाला? मी हाय ना जिती."

म्हटलं, हीराबाई, चूक माझी. मशीन चुकलं आणि मी विश्वास ठेवून तुला सांगितलं.

"मशीन चुकतं, मानूस चुकतं. जालं फाटलं तं मासली थोरीच सोरतेव." मग सुनेला हाक मारलीन, चहा टाक. आणि स्वतः उठून हात धुतले, ओट्याच्या कोपऱ्यातली लिंबाची फोड घेतली आणि दोन्ही हातांना, बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेला चोळ चोळ चोळली. पुसले पदराला.

मी सहज म्हटलं, "माझ्यासाठी कशाला? मला वासाचं काही नाही."

"तुना नाय गो, पन तुज्या सायबाला हाय ना. त्यानं उदबत्त्या फिरवल्या त्या दिसापासून मी लिंबू चोलूनच येतंय तुज्या मशिनीवर. पाटीनच ठेवतंय एक."

चहा आला होता, बशी मी तशीच खाली ठेवली.

लिंबू!!

उदबत्त्या २८ तारखेला. २९१ त्यानंतरच्या बुधवारी. लिंबू! देवा, लिंबू! मी तिच्या हाताचा वास घेतला, परत घेतला, तिला वाटलं मला वेड लागलं. चहा तसाच टाकून निघाले. "आगो च्या तं पी!" रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.


बुध., १९ ऑक्टो.

सकाळी साडेआठला साळवीच्या आधी हजर. कोपऱ्यावरून दोन लिंबं.

रक्त नाही, साखरेचं पाणी नाही, नुसता लिंबाच्या रसाचा थेंब तारेवर. काटा टोकाला जाऊन ठक्कन आपटला. असा आवाज मी या टेबलावर कधी ऐकला नव्हता. इतका आनंदही कधी झाला नव्हता!

साळवीचं डावं बोट कोरडं : ९६. उजवं बोट लिंबू चोळून, वर स्पिरिटचा बोळा फिरवून : २३३. एकच माणूस, एकच रक्त, एकाच मिनिटात! स्पिरिटने लिंबू जात नाही, वाळून कातडीलाच बसतं. लिंबातलं व्हिटॅमिन सी एन्झाइमची वाटच बघत नाही, सरळ तारेवर जळतं आणि करंट देतं. वर लिंबात स्वतःची थोडी साखर असतेच. तारेला बिचारीला काय कळणार कोण खरं आणि कोण तोतया.

तार खोटं बोलत नव्हती. आम्ही तिला विचारलेला प्रश्नच भोंगळ होता.

आणि यात माझं हसणंही आलंच. ले. सां.नी उदबत्ती फिरवली, मी खिडकी उघडून हसले, आणि ती बाई आमच्या मशीनचा मान राखायला हात लिंबाने धुऊन आली. स्वच्छ व्हायला गेली आणि त्यापायी पडली. हे कुठल्या पुस्तकात सापडलं असतं? परदेशातले पेपर वाचून मी पेशंटला ताप आहे का, अॅस्पिरिन घेतली का, हेच विचारत बसले असते. लिंबू विचारलं नसतं.


शनि., २२ ऑक्टो.

आज टेबल मोकळं करायचा दिवस. मी टेबलावर दुसरी तार लावली.

ही कल्पना परवा सकाळी घरी सुचली, आई अंडं उकडत होती तेव्हा. एन्झाइम उकळलं की मरतं. तर एक तार जिवंत एन्झाइमची आणि तिच्या अगदी शेजारी दुसरी, तशीच, तोच पापुद्रा, फक्त एन्झाइम उकळून मारलेलं. साखर आली तर पहिली बोलेल, दुसरी गप्प. तोतया आला तर दोघी बोलतील! दुसरीचं नाव ठेवलं मुकी. मुकी बोलली की समजायचं काहीतरी घोटाळा आहे, हात साबणाने धुऊन परत या.

साळवीने दुसरा काटा बसवून दिला, काल सुट्टीच्या दिवशी घरी बसून सर्किट केलं. मी करायला सांगितलं नव्हतं, परवा नुसती कल्पना बोलले होते.

साळवी, कोरडं बोट : पहिली ९५, मुकी जागेवर. लिंबू लावून : पहिली २३०, मुकी बोंबलली! साबणाने धुऊन : ९८, मुकी परत गप्प. आम्ही दोघं ओरडलो तेव्हा ले. सा. केबिनमधून बाहेर आले. "टेबल अजून भरलेलंच दिसतंय."

मी सगळं सांगितलं. लिंबू, उदबत्ती, सगळं. उदबत्तीचा भाग आला तेव्हा ते खुर्चीवर बसले.

चष्मा काढून पुसला. मग : "म्हणजे पहिली चूक माझी."

मी : "आकडा तोंडाने सांगितला ती माझी."

"ती तुमचीच आहे." आणि मग, "दहा माणसं घ्या. डॉक्टरांशी मी बोलतो, दहाही जणांचं रक्त ते मोजतील. दहा जुळले तर टेबल राहील, आणि पीएच मीटरची जुळणी माझ्या केबिनमध्ये बसवीन. एक नाही जुळला तर बंद. नऊ माणसं तुम्ही निवडा. दहावं बोट तुमचं."

"मीटर चालवणाऱ्याचा हात..."

"मीटर साळवी चालवतील. जो मशीन करतो त्याने पहिलं बोट द्यायचं, हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."


बुध., २६ ऑक्टो.

हीराबाई आली! आपल्या पायांनी, पाटीसकट, वर. ले. सा. स्वतः दारात गेले, पाटी उचलून आत घेतली आणि (साळवी साक्षीदार) आपल्या टेबलाशेजारी ठेवली. उदबत्ती नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं बिचाऱ्यांच्या, पण नाही.

डाव्या हाताला लिंबू चोळायला सांगितलं. मुकी बोलली. उजवा हात साबणाने धुतला. मुकी गप्प, पहिली १६४.

"आज वास येल हां," ती म्हणाली. येऊ दे गं, किती येतोय तो.

आकडा विचारलान. मी म्हटलं, "वहीत आहे. डॉक्टर सांगतील."

"आता शानी जालीस."

(गुरु. : लॅब १६६. एक झाला!)


रवि., ३० ऑक्टो.

सहा झाले. सहाही जुळले. सगळ्यात मोठा फरक नऊचा. कदम, दोन ड्रायव्हर, नाक्यावरच्या केमिस्टची बायको, ले. सा. स्वतः! (१३१. केबिनमध्ये पेढे मिळणं बंद झालं.) रात्री दोनदा पाणी प्यायला उठले. दिवसभर धावपळ, घसा सुकतो.

आई : "चेहरा किती उतरलाय. दिवाळी झाली की चार दिवस घरी बस." टेबल राहू दे, मग बसते.


बुध., २ नोव्हेंबर

सात, आठ. नऊ! (गुरु. : नऊही जुळले!)

हीराबाईने तिच्या ओळखीच्या दोघी आणल्या होत्या, दोघींनी हात साबणाने धुऊन नाकाला लावून दाखवले. खोलीत हसाहशी. ले. सा. पण हसले.

निघताना हीराबाई थांबली. माझ्या मनगटाला धरलंन, अंगठा आणि बोट फिरवून. "बारीक जालीस गो. आमचा तर बगतेस, तुजा कवा बगलास?"

म्हटलं, शनिवारी.

"कदी नाय बगलास?"

कधीच नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. नाना गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलीने दरवर्षी तपासून घ्यावी. मी हो म्हटलं होतं आणि गेले नाही. मग एमेस्सी, मग नोकरी, मग तारा. लोकांची बोटं टोचत राहिले. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

"ये तं शनवारी, मी बसतंय तुजे बाजूला," ती म्हणाली.


शनि., ५ नोव्हें.

दिवाळी चार दिवसांवर. समोरच्या कारखान्यावर कंदील लागला.

क्र. १०. न. क., स्त्री, ३४. तीन वाजता. जेवून अडीच तास.

साबणाने दोनदा हात धुतले. हीराबाई शेजारी बसली, आज धंद्याचा दिवस नाही तरी आली. तार नवी, क्र. ३०, आजवरची सगळ्यात बारीक, सगळ्यात देखणी. साळवीने सुई टोचली. थेंब किती एवढासा लागतो, बघून अजून गंमत वाटते.

काटा निघाला. शंभर ओलांडला. मी मनात म्हटलं, थांब. दीडशे. साळवी मीटरकडे बघत होता, माझ्याकडे नाही. दोनशे. मी मुकीकडे बघितलं. बोल गं, बोल, एकदा बोल, लिंबू म्हण, काही म्हण. मुकी शून्यावर, हूं नाही की चूं नाही.

२६२.

परत धुतले हात. दुसरं बोट. २५९. मुकी गप्प. किती छान जमलीय ही तार! एवढी स्थिर तर १७ नंबरची पण नव्हती. मला खरंच आधी हेच वाटलं, मग बाकीचं.

पाण्याच्या बाटल्या. ब्लाउज. भूक. सगळं माझ्याच वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

ले. सा. दारातून : "कर्णिकबाई, काय आकडा?"

"वहीत आहे, साहेब. तोंडात नाही."

ते मान हलवून आत गेले. हीराबाईने माझा हात धरून ठेवला, टोचलेलं बोट मुठीत घेऊन. तिच्या हाताला बोंबलाचा वास होता. मी हात काढून घेतला नाही.

मग रिक्षाने नौपाडा, डॉक्टरांकडे. दंडातून रक्त दिलं. रिपोर्ट उद्या सकाळी दहाला. जुळला तर टेबल माझं, तारा माझ्या, हीराबाईसारख्या कितीतरी जणींना दिवस मोडून बसावं लागणार नाही. नाही जुळला तर सगळं बंद, आणि मी ठणठणीत.

आईला काही सांगितलेलं नाही. ती चकल्या तळतेय, देवापुढे दिवा लावलाय. नमस्कार करायला उभी राहिले तर काय मागायचं तेच कळेना. नुसतीच उभी राहिले.